गृहोपयोगी वस्तू आणि कलाप्रेरणा : काही भाषिक साक्षी

'जालना, सोने का पालना' ही म्हण जालना शहरात व त्याच्या आसपासच्या मुलखात सर्वपरिचित आहे. कुंडलिका नदीच्या काठचे हे गाव व्यापारामुळे भरभराटीस आले आणि त्या भरभराटीचे वर्णन लोकांनी एका घरगुती वस्तूच्या द्वारे केले. याच शहरातील मस्तगड हा किल्ला आसफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ मध्ये बांधविला. गडाचे वर्ष ज्ञात आहे, बांधविणाऱ्याचे नावही ज्ञात आहे. म्हणीला असा कर्ता नाही व कालनिर्देशही नाही. तथापि गावाची थोरवी थोडक्यात सांगावयाची झाली, तेव्हा लोकांनी गडाचा बुरूज पुढे केला नाही. पाळणा पुढे केला.

या म्हणीची भाषा दक्खिनी वळणाची हिंदी आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. 'जालना' आणि 'पालना' यांचे यमक त्या भाषेत सहज जुळते. मराठीत 'पाळणा' म्हणताच 'ल'च्या जागी 'ळ' येतो, 'ना'च्या जागी 'णा' येतो आणि यमक मोडते. म्हणूनच एरवी घरात मराठी बोलणारा मनुष्यही ही म्हण हिंदीतच उच्चारतो. मराठीने मात्र या शब्दाला निराळ्या रीतीने वाढविले. 'पाल्' या धातूचा अर्थ रक्षण करणे, सांभाळ करणे. त्यावरून सिद्ध झालेला 'पाळणा' हा शब्द प्रथम वस्तूचा वाचक झाला आणि पुढे त्या वस्तूपाशी म्हटल्या जाणाऱ्या गीताचाही वाचक झाला. बारशाच्या दिवशी, तसेच रामनवमीला व गोकुळाष्टमीला स्त्रिया 'पाळणा म्हणतात'. येथे घरातील एका वस्तूने एका गीतप्रकाराला आपले नावच दिले आहे.

घरातील सामान्य वस्तू कलेला प्रेरणा देतात, हे विधान वारंवार केले जाते. परंतु वस्तूतील नेमके काय कलेत उतरते, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. आकार उतरतो, नाद उतरतो, की आणखी काही? मराठीतील साक्षी पाहता असे दिसते की, या परंपरेत वस्तूचे रूप गौण असून तिचे कार्य प्रधान आहे. वस्तू जे करते, ते प्रथम तिच्या नावात उतरते. नावातून ते वाक्प्रचारात जाते. आणि काम करणाऱ्या हातांच्या सोबतीने ते गीतात येते. या विधानाची तपासणी क्रमाने करणे इष्ट होईल.

१. नाम आणि क्रिया

मराठी स्वयंपाकघरातील वस्तूंच्या नावांचा एक मोठा गट क्रियापदांपासून झालेला आहे. चाळणे या क्रियेवरून चाळण व चाळणी, किसणे यावरून किसणी, खवणे यावरून खवणी, झाकणे यावरून झाकण. 'लाटणे', 'गाळणे' आणि 'उलथणे' या शब्दांत तर वस्तूचे नाव व क्रियापदाचे रूप यांत काहीच भेद उरत नाही. 'लाटणे दे' आणि 'पोळी लाटणे' या दोन प्रयोगांत शब्द एकच असून एकदा तो साधन दाखवितो व एकदा काम. संस्कृतात करणाचा, म्हणजे साधनाचा, अर्थ दाखविणारा जो 'अन' प्रत्यय आहे, त्याचाच वारसा या रूपांत दिसतो.

सर्व नावे अशी नाहीत. 'सूप' हा शब्द 'शूर्प' यापासून आला, 'मुसळ' 'मुसल' यापासून, 'उखळ' 'उलूखल' यापासून, 'चूल' 'चुल्ली' यापासून. 'परात' पोर्तुगिजांकडून आली. बोलणाऱ्याला या शब्दांत आज क्रिया दिसत नाही. तरीही भाषेने या वस्तूंना क्रियेशिवाय राहू दिलेले नाही. सुपाला पाखडणे, मुसळाला कांडणे, जात्याला दळणे, विळीला चिरणे, चुलीला पेटवणे अशा ठरलेल्या क्रिया या नावांशी जोडलेल्या आहेत आणि त्यांची अदलाबदल होत नाही. धान्य सुपाने पाखडतात, चाळणीने चाळतात. दोन्ही ठिकाणी कचरा वेगळा होतो, पण पहिल्या कामात वारा व हाताचा झोका असतो आणि दुसऱ्यात भोके. हा भेद ज्या भाषेने इतक्या काळजीने जपला, तिच्या काव्यात या वस्तू नुसत्या शोभेसाठी येणार नाहीत, अशी अपेक्षा धरता येते.

'जाते' या शब्दाची कथा अधिक उद्बोधक आहे. त्याचे मूळ 'यन्त्र' या शब्दात आहे. प्राकृतातील 'जंत' या रूपातून तो मराठीत आला. एके काळी कोणत्याही युक्तीला किंवा उपकरणाला लागू होणारा हा शब्द मराठीत दळण्याच्या एका साधनापुरता राहिला. जणू घरातले यंत्र म्हणजे तेच. जालना जिल्ह्याच्या उत्तरेस लागून असलेल्या खानदेशात याच वस्तूला 'घरोट' म्हणतात. तो शब्द 'घरट्ट' या निराळ्या मुळापासून आला आहे. सीमा ओलांडताच वस्तू तीच राहते आणि नाव बदलते. पण दोन्हीकडे तिच्यापाशी गाणे आहेच.

२. जाते, मुसळ आणि ओवी

ओवी आणि जाते यांचा संबंध इतका रूढ आहे की, ओवी जात्यातूनच निघाली असे समजले जाते. परंतु ओवीचा एक अतिशय जुना उल्लेख याहून निराळे काही सांगतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे म्हटले आहे. उल्लेख कांडण्याचा आहे, दळण्याचा नव्हे. म्हणजे तेथे वस्तू उखळ आणि मुसळ ही आहे.

या तपशिलाचे महत्त्व मोठे आहे. मुसळाचा घाव तुटक असतो. दोघी कांडावयास उभ्या राहिल्या, की एकीचे मुसळ वर जाताना दुसरीचे खाली येते. जात्याची गती याच्या उलट अखंड व वर्तुळाकार असते. वस्तूच्या नादातूनच छंद जन्मतो असे मानले, तर एकच छंद या दोन अगदी भिन्न गतींना कसा पुरला, हे सांगता येणार नाही. जर्मन अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूखर याने १८९६ मध्ये श्रम आणि लय यांवरील आपल्या ग्रंथात काव्याचे मूळ श्रमाच्या लयीत शोधले होते. त्याच्या उपपत्तीत तथ्य आहे. पण ओवीच्या बाबतीत ती पुरेशी पडत नाही.

ओवीला वस्तूने दिले ते तालापेक्षा अधिक व्यापक आहे. पहिली देणगी वेळेची. पहाटेच्या अंधारात घर झोपलेले असताना दळण्याचे काम चाले; हात गुंतलेले, पण तोंड व मन मोकळे. दुसरी देणगी सोबतीची. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात. एकीने चरण म्हणावा, दुसरीने तो उचलावा. एक हात खुंट्यावर असतो, तर दुसरा सुपातील धान्याचा घास जात्याच्या तोंडी घालतो. तिसरी देणगी श्रोत्याची. अनेक ओव्यांत जात्यालाच उद्देशून बोललेले असते. त्याला देव मानलेले असते, मनातले दुःख त्याच्यापाशी उकललेले असते. सासरी जे कोणापाशी बोलता येत नाही, ते जात्यापाशी बोलता येते, कारण त्याच्या घरघरीत शब्द बुडून जातात. वस्तू येथे एकाच वेळी साधन, आडोसा आणि सखी होते.

ओवीच्या ग्रांथिक रूपाशी हे रूप ताडून पाहावे. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत ओवीचे तीन यमकबद्ध चरण आणि आखूड चौथा चरण अशी घडण दिसते. जात्यावरची ओवी संग्रहांतून बहुधा दोन ओळींत छापली जाते. पण गाताना त्या दोन ओळी दोन राहत नाहीत. शब्दांची पुनरावृत्ती होते, मध्येच 'बाई', 'गं' यांसारखी पदे येतात, पहिली ओळ पुन्हा फिरून येते. छापील ओवीत हे वळसे गळून जातात. मुद्रित पाठावरूनच छंदाचा विचार करणाऱ्या अभ्यासकाच्या हाती म्हणून सांगाडा लागतो, चाल लागत नाही.

गंगाखेडची जनाबाई ही या परंपरेतील मोठी साक्षीदार होय. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबलेल्या या संतकवयित्रीच्या नावावरील अभंगांत दळणे, कांडणे, झाडणे ही कामे येतात आणि विठ्ठल त्या कामांना हात लावतो. पंढरपूरजवळ गोपाळपूर येथे तिचे म्हणून एक जाते भाविकांना दाखविले जाते. जनाबाईच्या कल्पनेचे वैशिष्ट्य असे की, तिने देवाला देव्हाऱ्यातून उठवून जात्यापाशी बसविले. जाते उचलून देव्हाऱ्यात नेले नाही. वस्तू आपल्या जागी, आपल्या कामात राहिली, आणि देव तेथे आला.

३. रूपकातील क्रम

वस्तूचे कार्य काव्यात किती खोलवर शिरते, हे म्हणींवरून व वाक्प्रचारांवरून चांगले कळते. 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' ही म्हण घ्यावी. जाते व सूप यांच्या आकाराचा येथे काहीही संबंध नाही. सुपातून धान्य जात्यात जाते, हा कामाचा क्रम ज्याला ठाऊक आहे, त्यालाच सुपातल्यांच्या हसण्यातील अज्ञान कळेल. म्हणीतील दोन वस्तू वस्तुतः दोन काळ आहेत : एक आताचा व एक थोड्या वेळाने येणारा. 'उखळ पांढरे होणे' हा वाक्प्रचारही तसाच. ज्या घरी भरपूर धान्य कांडले जाते, त्या घरचे उखळ कोंड्याने व पिठाने पांढरे राहते. समृद्धीचे हे माप सोन्यारुप्यात नाही, वापरात आहे.

पैठणच्या एकनाथांच्या 'दादला' या भारुडात याचीच दुसरी बाजू दिसते. नवऱ्याच्या दारिद्र्याने त्रासलेली स्त्री घरातील एकेक गोष्ट मोजते. पण ती मोजते काय नाही म्हणून. लुगडे फाटके आहे आणि शिवावयास दोरा नाही. भाकरी-भाजी आहे, पण वर तेलाची धार नाही. पलंगाची नवार तुटलेली आहे. प्रत्येक ठिकाणी वस्तू अर्धी आहे व तिला कामास लावणारी दुसरी वस्तू गैरहजर आहे. भारुडाचे आध्यात्मिक तात्पर्य कोणतेही असो, त्याचा जिवंतपणा या नेमक्या उणिवांत आहे. नाथांनी घर पाहिले ते ते चालविणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या काव्यातही हाच धागा आहे. जळगावजवळच्या असोदे गावच्या या निरक्षर कवयित्रीची गाणी घरात व शेतात काम करताना सुचलेली असून ती घरातील इतरांनी लिहून घेतली. त्यांचा संग्रह आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी घरोटावर गीत रचले, तसेच संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा दिली. त्या उपमेतही तव्याचा काळा रंग वा गोल आकार कामास आलेला नाही. आधी हाताला चटका आणि मग भाकरी, हा क्रम कामास आला आहे. सुपाच्या व जात्याच्या म्हणीत जो काळ होता, तोच येथे आहे.

४. एक अपवाद

वस्तूचा प्रत्येक उल्लेख प्रेरणेची खूण मानता येत नाही. 'उखाणा' या एकाच शब्दाखाली मराठीत दोन प्रकार नांदतात आणि दोहोंत घरगुती वस्तू विपुल आहेत. नाव घेण्याच्या उखाण्यात ताट, वाटी, समई, तांब्या या वस्तू येतात त्या यमकाची सोय करण्यासाठी. पतीच्या नावाशी जुळेल अशी ओळ हवी असते. ताटाऐवजी दुसरे काही आले तरी अर्थाला धक्का पोहोचत नाही. कोड्याच्या अर्थी जो उखाणा, त्यात मात्र वस्तूचे नाव दडवून तिचे काम सांगितलेले असते. ती काय खाते, काय ओकते, कोठे बसते, कोणाला धरून फिरते, अशा क्रियांच्या खुणांवरून ऐकणाऱ्याने वस्तू ओळखावयाची असते. एक प्रकार वस्तूला सजावट म्हणून वापरतो. दुसरा तिला पुन्हा एकदा, जणू प्रथमच, पाहावयास लावतो. प्रेरणा आणि उल्लेख यांतील अंतर या दोन प्रकारांच्या तुलनेने स्पष्ट होते.

५. चित्रकाराची दृष्टी

येथे एक आक्षेप संभवतो. वरील सर्व साक्षी शब्दकलेतील आहेत. चित्रकला तर रूपाचीच कला आहे. युरोपातील वस्तुचित्रांची परंपरा वस्तूला कामातून काढून मेजावर स्थिर ठेवते. इटलीतील जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) याने त्याच त्या बाटल्या व भांडी आयुष्यभर रंगविली. मार्सेल द्यूशां याने १९१४ मध्ये बाटल्या वाळविण्याची एक बाजारी घडवंची जशीच्या तशी कलाकृती म्हणून निवडली. या दोघांच्या वाटा भिन्न असल्या, तरी दोघांनीही वस्तूचे नित्याचे काम थांबविले.

मराठी चित्रकारांत प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे उदाहरण या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे ठरते. घड्याळ, पान यांसारख्या परिचित वस्तू त्यांच्या चित्रांत मोकळ्या, जवळजवळ रिकाम्या अवकाशात येतात. त्यांच्या भोवतीचे घर नाहीसे झालेले असते. आपल्या चित्रविचाराची मांडणी त्यांनी 'कोरा कॅनव्हास' (१९९०) या मराठी ग्रंथात केली. त्यांच्या चित्रांतील वस्तू काम करीत नाही, हे खरे. पण पाहणाऱ्याच्या मनात जी अस्वस्थता उत्पन्न होते, ती त्या वस्तूचे काम त्याला ठाऊक असल्यामुळेच. घड्याळ कशासाठी असते हे ज्याला माहीत नाही, त्याच्या दृष्टीने ते एक वर्तुळ आहे. म्हणजे चित्रकार क्रिया पुसून टाकतो तेव्हाही त्या पुसण्याची खूण चित्रात राहते. आक्षेपाने मूळ विधान खोडले जात नाही. मात्र कार्य कलेत प्रत्यक्षपणे उतरते तसे ते अभावरूपानेही उतरू शकते, एवढी भर त्यात घालावी लागते.

६. वस्तू, गीत आणि शब्द यांची ताटातूट

विजेवर व इंधनावर चालणारी पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली आणि नित्याच्या दळणातून जाते सुटले. स्त्रीच्या दृष्टीने ही मोठीच सुटका होती. पहाटेचे ते कष्ट काव्यमय मानून त्यांची हळहळ करणे हे ज्यांनी कधी दळले नाही त्यांचेच काम होय. परंतु अभ्यासकापुढे त्यामुळे एक अडचण उभी राहिली आहे. जी तीन अंगे एकत्र होती, ती आता तीन ठिकाणी विखुरली आहेत.

पहिले अंग वस्तूचे. त्याचे जतन पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात फार मोठ्या प्रमाणावर झाले आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. पुढे त्यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, कुलपे अशा घरगुती वस्तू जन्मभर गावोगाव फिरून जमविल्या, संग्रहाला आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे नाव दिले आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका कवीने आपली प्रतिभा वस्तूंच्या संग्रहाकडे वळवावी, ही घटना प्रस्तुत विषयात फार बोलकी आहे. तथापि काचेआडचा अडकित्ता कातरत नाही.

दुसरे अंग गीताचे. हेमा राईरकर व गी पॉइटविन यांनी पुण्यातील आपल्या संस्थेच्या द्वारे महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. त्यांपैकी पुष्कळशा बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रितही झाल्या आणि २०१७ पासून त्या क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. छापील पाठात गळून जाणारे वळसे या मुद्रणांत ऐकू येतात. हे कार्य असामान्य आहे.

तिसरे अंग शब्दांचे, आणि तेच सर्वांत अरक्षित आहे. जात्याच्या दोन तळ्या, मधली खीळ, खुंटा, जाते बोथट झाले म्हणजे त्याला टाकी लावून घेणे, भरड आणि बारीक दळणाचे भेद, या सर्वांची नावे व क्रियापदे ज्या स्त्रियांच्या तोंडी सहज होती, त्या आता वृद्ध झाल्या आहेत. शब्दकोशात नामे बऱ्याच अंशी सापडतात. कोणत्या नामाबरोबर कोणती क्रिया येते, हे बहुधा सापडत नाही. आणि वर दाखविल्याप्रमाणे, कलेत उतरलेले सत्त्व नेमके त्या क्रियेत आहे.

या दृष्टीने एक संधी अद्याप शिल्लक आहे. विवाहापूर्वी 'घाणा भरणे' या विधीत सुवासिनी मुसळांना व जात्याला आंब्याची पाने बांधतात, हळद दळतात आणि त्या वेळी गाणी म्हणतात. एरवी भिंतीशी टेकून राहिलेले जाते त्या दिवशी मांडले जाते, फिरविले जाते, आणि वस्तू, क्रिया व गीत ही तिन्ही घटकाभर पुन्हा एकत्र येतात. जालना जिल्ह्यासारख्या प्रदेशात, जेथे एका बाजूस खानदेशी 'घरोट' व दुसऱ्या बाजूस वऱ्हाडी बोलीचा शेजार आहे, अशा प्रसंगांची नोंद भाषाभ्यासकाला अधिकच उपयोगाची ठरेल. ती नोंद करताना गीताचा पाठ उतरून घेणे पुरेसे नाही. कोणत्या शब्दावर हात कोठे होता, कोणी ओळ सोडली व कोणी उचलली, घास घालताना आवाजाचे काय झाले, हेही टिपले पाहिजे.

क्षेत्रकार्यासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याला प्रश्नावलीत सामान्यतः पहिला प्रश्न दिलेला असतो : 'याला काय म्हणतात?' घरगुती वस्तूंच्या बाबतीत त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारणे श्रेयस्कर होईल : 'याने काय करतात?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात मिळते आणि संभाषण तेथेच थांबते. दुसऱ्या प्रश्नाला म्हातारी बहुधा तोंडाने उत्तर देत नाही. ती हात पुढे करून करून दाखवू लागते. आणि हात फिरू लागला की, पुष्कळ वेळा ओवीही आठवते.